न वाजलेला बझर

दादाचा फोन आला तेव्हा ठिणगी एका टॅक्सीच्या डॅशबोर्डखाली उताणी पडली होती. तोंडात बारीक टॉर्च, दोन्ही हात वायरींच्या गुंत्यात. फोन उचलायचा तर आधी टॉर्च तोंडातून काढायला हवा. वर्कशॉपमध्ये तिला सगळे ठिणगीच म्हणत, कारण कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने एका मिनीबसचा फ्यूज बॉक्स जाळून दाखवला होता. त्याला आता अकरा वर्षं झाली. आजूबाजूच्या चार वर्कशॉपमधली अडलेली वायरिंगची कामं झक मारत तिच्याकडे येत, पण नाव काही सुटलं नाही. घरीही तेच चिकटलं.

दादाचं काम साधंच होतं. गाडीची चावी त्याच्या खिशातच राहिली होती, आणि दोन वाजता वहिनीला बाळाला लस टोचायला न्यायचं होतं. दुसरी चावी ठिणगीकडे दुरुस्तीला आलेली होती, ती तेवढी जेवणाच्या सुट्टीत घरी नेऊन द्यायची. वहिनीला त्याने तीनदा फोन केला, पण ती उचलत नव्हती. झोपली असेल, तो म्हणाला. बाईसाहेबांनी रात्रभर दरबार भरवला होता. बाईसाहेब म्हणजे त्याची दोन महिन्यांची मुलगी. आल्या दिवसापासून तिने आईबापांना पार ताटाखालचं मांजर करून ठेवलं होतं.

ठिणगी हसली, नेऊन देते म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिने सहज विचारलं की चावी खिशात राहिलीच कशी. तर सकाळी साडेआठला तो बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा घेऊन परत आला, तेव्हा कंपनीची व्हॅन कोपऱ्यावर उभी राहून हॉर्न मारत होती. त्याने गाडी घराखालच्या गॅरेजमध्ये घातली, शटर ओढून आतून कडी लावली, डबा जिन्यात ठेवला आणि पुढच्या दाराने पळत सुटला.

"दादा, गाडी बंद केलीस ना?"

"केली की."

"बटण दाबलेलं आठवतंय का तुला?"

"अगं, आवाज नव्हता तिचा. बंदच होती. आणि चालू ठेवून उतरलो असतो तर ती वाजली असती ना."

ठिणगी डॅशबोर्डखालून बाहेर सरकली. ती गाडी वाजली नसती. त्या गाडीचा बाहेरचा बझर तिने स्वतःच्या हाताने काढला होता, रविवारी सकाळी, आणि दादाला त्याचा पत्ता नव्हता.

झालं होतं असं. दादाने सेकंडहँड गाडी घेतली, निम्मी बॅटरीवर आणि निम्मी पेट्रोलवर चालणारी. चावी म्हणजे एक काळी डबी, ती खिशात असली की बटण दाबून गाडी सुरू. दार लॉक केलं की ती ओरडायची, उघडलं की ओरडायची, आणि गॅरेज बरोबर झोपायच्या खोलीखाली. दादा लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा, पाळ्यांना धरबंध नाही. कधी पहाटे निघायचा, कधी पहाटे यायचा. दीड तास मांडीवर हलवून झोपवलेलं बाळ त्या एका किंचाळीने टक्क जागं व्हायचं. वहिनीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. तिने ठिणगीला बाजूला घेऊन विनवलं, एवढं त्या गाडीचं तोंड बंद कर, पण तुझ्या दादाला सांगू नकोस. दादाला सांगण्यात अर्थ नव्हताच. कुठल्याही यंत्राची सूचनेची घंटा काढायची म्हटलं की तो असा बघायचा, जणू कुणी त्याच्याच घशात हात घातला. लिफ्टमध्ये त्याने एकदा जाम झालेली घंटा पाहिली होती, आणि त्यानंतर काय झालं ते तो कधीच पूर्ण सांगत नसे.

मग रविवारी दादा आंघोळीला गेला तशी ठिणगीने बंपर सैल केला आणि बझरचा कनेक्टर खेचून बाहेर काढला. दहा मिनिटांचं काम. वहिनी दारात उभी राहून न्हाणीघराकडे कान लावून होती, आणि दोघींना शाळकरी पोरींसारखं हसू आवरत नव्हतं. चावी घेऊन चालू गाडीतून उतरलं की इशारा देणाराही हाच बझर, हे ठिणगीला पक्कं माहीत होतं. तिला वाटलं, दादासारखा माणूस गाडी चालू ठेवून कशाला उतरेल, आणि बाळ जरा मोठं झालं की परत जोडून टाकू.

"दादा, आता ऐक," ती म्हणाली. "या गाडीचं इंजिन थांबलं म्हणजे गाडी बंद झाली असं नसतं. एसी चालू असला की बॅटरी उतरते, मग इंजिन आपोआप सुरू होतं, पुन्हा थांबतं, पुन्हा सुरू होतं. एसी चालू होता?"

"बाहेर उकडत होतं," दादा म्हणाला.

तिने घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. साडेआठपासून सव्वातीन तासांहून जास्त झाले होते. तिने त्याला सांगितलं, ताबडतोब घरी नीघ, आणि फोन तोडून मदतीचा नंबर फिरवला.

तिकडच्या बाईने शांतपणे विचारलं की कोण बेशुद्ध आहे. ठिणगी म्हणाली माहीत नाही. धूर दिसतोय का? तोही माहीत नाही, आणि गाडीचा विषारी गॅस दिसत नाही, त्याला वासही नसतो. तुम्ही त्या घरात आहात का? नाही. मग तुम्हाला कसं कळलं, असं त्या बाईने विचारलं तेव्हा ठिणगी ओरडली नाही, ओरडायला वेळच नव्हता. तिने पत्ता दोनदा सांगितला. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू आहे आणि वर दोन महिन्यांचं बाळ आहे, एवढं एक वाक्य तिने पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि गाडी पाठवतो म्हणाल्यावरच फोन ठेवला.

वर्कशॉपची दुचाकी पंपावर नेण्यासाठी दारात लावलेली होती. कुणाला न विचारता तिने ती काढली. हातात चाकं खोलायचा पाना होता, तो तसाच पुढच्या जाळीत टाकला. घर एरवी वीस मिनिटांवर होतं. त्या दिवशी रस्त्यातले सगळे सिग्नल जणू तिचीच वाट बघत लाल होऊन उभे होते. पहिले दोन तिने तोडले. तिसऱ्याला समोरून ट्रक वळत होता, तिथे थांबावंच लागलं, आणि थांबल्यावर तिने कानाला लावलेल्या फोनवर वहिनीची रिंग ऐकली. ती पूर्ण वाजून थांबली. तिने परत लावली. आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं असं नाही, पण आत्ता ती ज्याच्या त्याच्याकडे भीक मागत होती. सिग्नलकडे, ट्रकवाल्याकडे, वाजत राहिलेल्या फोनकडे. फक्त एक हॅलो हवा होता. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

घराच्या ओळीत कोपऱ्यावरचं घर दादाचं. गल्ली शांत होती. समोरच्या कुंपणावर कपडे वाळत होते. शटर खाली होतं, सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की क्षणभर तिला वाटलं आपण उगाच वेड्यासारखं करतोय, वहिनी आता दार उघडून ओठांवर बोट ठेवेल. तिने शटरला हात लावला. पत्रा उन्हात नव्हता, तरी कोमट होता. ती तशीच उभी असताना शटरच्या पलीकडे इंजिन आपोआप सुरू झालं, बारीक घरघर करत.

तिने कडी तुटते का म्हणून शटर ओढलं, तुटली नाही. पुढचं दार बंद. बेल वाजवली, दार बडवलं, वहिनीला हाका मारल्या. मग मागे जाऊन स्वयंपाकघराची काच पान्याने फोडली, उरलेले तुकडे पाडले आणि अंगातला वर्कशॉपचा कोट चौकटीवर टाकून आत उतरली. दंडाला काच लागली ते तिला नंतर कळलं. आत काहीच वास नव्हता. ओट्यावर अर्धा कप चहा होता, वर साय धरलेला. तिने श्वास रोखला, पुढचं दार सताड उघडलं आणि जिना चढली. जिन्यात दुधाच्या पावडरचा डबा तसाच होता.

झोपायच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि फटीत टॉवेल कोंबलेला होता, बाळाची झोप मोडू नये म्हणून. ते दार ढकलताना तिला जोर लावावा लागला. वहिनी पलंग आणि पाळणा यांच्या मधोमध जमिनीवर पडली होती, एक हात पाळण्याच्या गजावर. उठून बाळाकडे जायला निघाली असणार आणि पाय गळाले असणार. तिचे गाल छान गुलाबी दिसत होते, आणि ते बघूनच ठिणगीने ओळखलं, तो विषारी गॅस रक्तात भिनल्यावर चढणारा रंग होता.

दोघींना एकदम नेणं शक्य नव्हतं. तिला निवड करावी लागली, आणि तिने एका क्षणात केली, पण तो क्षण पुढे तिला आयुष्यभर पुरणार होता. तिने वहिनीला ओलांडून बाळ उचललं. मान लटकत होती. खिडकी उघडायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने कोपरानेच काच फोडली आणि जिन्यावरून धावत खाली येऊन बाळाला अंगणातल्या फरशीवर ठेवलं. त्याच्या तोंडाला कान लावला. बाळाचा श्वास ऐकू येतोय की आपलाच, तिला सांगता येईना. तिने दोन बोटांनी पाठ चोळली, हाक मारली, "ए बाईसाहेब, ए, आत्या आहे मी." बाळ हललं नाही. वहिनी अजून वर होती. बाळाला एकटं टाकून परत जायचं की नाही, हे ठरवता न आल्याने ती उठली, बसली, पुन्हा उठली, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा ऐकू आला.

पुढचं सगळं फायर ब्रिगेडच्या लोकांनी केलं. एकाने बाळ फरशीवरून उचलून घेतलं आणि त्याच्या तोंडावर इवलासा मास्क धरला. दोघे हवेची नळकांडी पाठीला बांधून वर गेले आणि वहिनीला खाली घेऊन आले. एक जण आत जाऊन गाडी बंद करून आला, त्याच्या हातात गॅस मोजायचं यंत्र होतं. त्यावरचा आकडा त्याने आपल्या साहेबाला दाखवला आणि साहेबाने नुसती मान हलवली. त्यानेच मग ठिणगीच्या पाठीवर हात ठेवला. अजून अर्धा तास गेला असता तर आम्ही येऊन उपयोग नव्हता, ताई, तो म्हणाला, तुमच्यामुळे वाचल्या दोघी.

हे वाक्य त्या दुपारी तिला बऱ्याच जणांनी ऐकवलं. हॉस्पिटलमध्ये तिच्या दंडाला टाके घालणाऱ्या नर्सने, शेजारणीने, डॉक्टरांनी. प्रत्येक वेळी ती खाली बघायची. लोकांना वाटायचं धक्का बसलाय.

दादा कामाच्या कपड्यांतच आला, हाताला ग्रीस तसंच. काळी डबी त्याने मुठीत इतकी घट्ट धरली होती की नर्सने मागितली तरी त्याला ती सोडता येईना. डॉक्टरांनी सांगितलं की वहिनी अजून शुद्धीवर आलेली नाही, पण येईल असं वाटतंय. बाळ स्वतःहून श्वास घेतंय, मात्र इतक्या लहान जिवाच्या मेंदूवर काय परिणाम झाला ते आज सांगता येणार नाही, सहा महिनेही लागतील, वर्षही लागेल. खोलीचं दार बंद होतं म्हणून गॅस हळू चढला, एवढंच नशीब. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि बाकावर बसला.

"मी बंद केली नाही," तो म्हणाला. डॉक्टरांना म्हणाला, मग नर्सला म्हणाला, मग कुणी नव्हतं तेव्हाही म्हणाला. "मी. दुसरं कुणी नाही. मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासतो."

ठिणगी त्याच्या शेजारीच होती. सांगायला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, तिने उघडलंही. पण तेवढ्यात फायर ब्रिगेडचा साहेब कागद घेऊन आला. वेळ वगैरे लिहून घेतल्यावर तो म्हणाला, या मॉडेलला पुढे बझर असतो, चावी घेऊन उतरलं की बोंबलतो, तो कसा वाजला नाही? दादा म्हणाला, हो, तेच, तो वाजलाच नाही. बिघडला असेल, साहेब म्हणाला, आणि ठिणगीच्या कामाच्या पँटकडे बघून त्याने विचारलं की तुम्ही हेच काम करता ना, तर जरा तपासून घ्या.

"बघते," ठिणगी म्हणाली.

साहेब गेला. ती आपल्या हातांकडे बघत बसली. हे फक्त दोघींना माहीत होतं, तिला आणि वहिनीला, आणि वहिनी आत डोळे मिटून पडली होती. त्या बाकावर बसल्या बसल्या ठिणगीच्या मनात असा एक विचार येऊन गेला, जो कुठल्याही नणंदेच्या मनात येऊ नये. तो आला, तिने तो ओळखला, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की ती उठून बेसिनपाशी गेली आणि ओकली. परत आली तेव्हा दादाने तिला पाणी आणून दिलं. गॅसने होतं असं, तो म्हणाला, तूही डॉक्टरांना दाखवून घे.

चारच्या सुमारास नर्सने दादाला आत बोलावलं. वहिनीने डोळे उघडले होते. तो दहाएक मिनिटं आत होता. ठिणगी दाराकडे पाठ करून उभी राहिली, कारण दारातून तो कुठला चेहरा घेऊन बाहेर येईल ते तिला बघवणार नव्हतं. आता त्याला कळणार होतं, आणि तिच्याकडून नाही. ती मनाची तयारी करत होती. हाक मारेल, ओरडेल, कदाचित हातही उचलेल, लहानपणी उचलला होता तसा.

दादा बाहेर आला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला. डोळे लाल होते.

"बोलली," तो म्हणाला. "आधी बाळाचं विचारलं. मी म्हटलं श्वास घेतेय. गाडी चालूच राहिली, बझर वाजला नाही, तेही सांगितलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग म्हणते कशी, तो बझर तिनेच काढला. मोबाईलवर बघून. मास्क बाजूला करून करून सांगत होती. धाप लागत होती तरी थांबेना. म्हणाली, ठिणगीला काही बोलू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही."

ठिणगी भिंतीला टेकली. वहिनीला साधा दिवा बदलता येत नसे. शुद्धीवर आल्यावर तिच्याकडे चार वाक्यांपुरता श्वास होता, आणि त्यातली तीन तिने नणंदेसाठी खर्च केली होती. आता काहीही बोलायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दादाने आपली चूक मान्य केली होती, वहिनीने अंगावर घेतलं होतं, सगळं परस्पर मिटलं होतं.

"दादा, त्या बझरला हात लावायचा तर पुढचा बंपर सैल करावा लागतो," ती म्हणाली. "मोबाईलवर बघून वहिनीला ते जमणार नाही. मी काढला. रविवारी, तू आंघोळीला गेला होतास तेव्हा."

ती तशीच पुढे बोलत राहिली.

"तिने मला विनवलं होतं, हे खरंय. पण तिला माहीत नव्हतं तो आणखी कशासाठी वाजतो. मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही."

"तो साहेब विचारत होता," दादा अगदी हळू म्हणाला, "तेव्हा तू 'बघते' म्हणालीस. माझ्यासमोर."

"हो."

तो ओरडला नाही. हातही उचलला नाही. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि मुठीतली चावी त्याने पहिल्यांदाच खाली ठेवली, दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत. मग म्हणाला, "सकाळपासून मी ते बटण आठवतोय. दाबलं की नाही. कान देऊन ऐकलं होतं मी उतरताना, एवढं आठवतं. काही वाजलं नाही, म्हणून निघालो."

ती रडायला लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

लहान मुलांच्या विभागाचं दार उघडलं आणि नर्सने बाळाच्या घरच्यांना हाक मारली. बाळ जागं होतंय, थोडं दूध देऊन बघायचंय, घरचं कुणीतरी आत या, उचलून घेतलेलं बरं. दादा उठला. ठिणगीही उठली, डोळे पुसत, नेहमीच्या सवयीने हात पुढे करून, कारण बाटली तोंडात घ्यायला बाईसाहेब आत्याच्याच हातात तयार व्हायच्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तू बस," दादा म्हणाला.

तो आत गेला आणि दार मिटलं. ठिणगी बसली. संध्याकाळ होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली, कारण जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.